'टँक' आणि 'लेक' : एकाच पाण्याची दोन नावे

इंग्रजी भाषेत अर्थाने एकमेकांच्या अगदी जवळ असणाऱ्या शब्दांच्या अनेक जोड्या आहेत. पुष्कळदा त्यांतील भेद शब्दकोशापुरताच महत्त्वाचा असतो. व्यवहारात एकाच्या जागी दुसरा शब्द वापरला तरी कोणाचे काही बिघडत नाही. परंतु काही जोड्या अशा असतात की, त्यांतील एका शब्दाऐवजी दुसरा रूढ झाला म्हणजे वस्तूकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, आणि कालांतराने त्या वस्तूचे स्वरूपही बदलते. 'टँक' आणि 'लेक' ही अशी एक जोडी होय. तिचा अभ्यास करण्यास बंगळूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल.

बंगळूरमध्ये 'सॅन्की टँक' नावाचा एक जलाशय आहे आणि 'अल्सूर लेक' नावाचा दुसरा. दोन्हींच्या काठाने फिरण्यासाठी वाट बांधलेली आहे, आणि दोन्हीकडे नागरिक सायंकाळी वारा घेण्यास जातात. केवळ पाहून कोणता 'टँक' आणि कोणता 'लेक' हे परक्या माणसास सांगता येणार नाही. कन्नड भाषक तर दोन्हींना 'केरे' असेच म्हणतो. मग इंग्रजीत ही दोन नावे का, आणि त्यांत काही फरक आहे काय?

शब्दांचे मूळ

'लेक' हा शब्द लॅटिन 'लाकुस' या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ व्यापक होता; पाण्याचे कुंड, हौद आणि सरोवर या सर्वांना तो लागू पडे. इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ आकुंचित होऊन चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला, बहुधा निसर्गनिर्मित आणि विस्तृत असा जलाशय एवढाच उरला. इंग्लंडच्या उत्तरेकडील सरोवरांचा प्रदेश कवींनी आणि चित्रकारांनी प्रसिद्धीस आणल्यावर या शब्दाभोवती सौंदर्याचे एक वलयही निर्माण झाले.

'टँक' या शब्दाचा प्रवास अधिक कुतूहलजनक आहे, आणि मराठी वाचकास तर तो आपल्या घरचाच वाटेल. यूल आणि बर्नेल या दोघा विद्वानांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या अँग्लो-इंडियन शब्दांच्या सुप्रसिद्ध कोशात या शब्दाची चर्चा आहे. गुजराती 'टांकी' आणि मराठी 'टाके' या पश्चिम भारतातील शब्दांशी त्याचे नाते जोडले जाते. त्याच अर्थाचा पोर्तुगीज 'टांके' हा शब्दही याच किनाऱ्यावर वावरत होता, आणि तो पाणी अडविणे या अर्थाच्या क्रियापदाशी संबंधित आहे. दोन निराळ्या कुळांतील शब्द उच्चाराने आणि अर्थाने इतके सारखे निघाले की ते एकमेकांत मिसळून गेले. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी ज्याने पाहिली आहेत, त्यास 'टाके' म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. खडकात खोदलेले, पावसाचे पाणी साठविणारे आणि गडाचे प्राण राखणारे ते एक बांधकाम असते. ते आपोआप होत नाही. माणसाने केल्यावाचून टाके नाही, आणि माणसाने राखल्यावाचून त्यात पाणी नाही.

पुढे हा शब्द इंग्रजांबरोबर जगभर गेला आणि त्याचे अर्थ पालटत गेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी चिलखती रणगाडा तयार केला, तेव्हा शत्रूस सुगावा लागू नये म्हणून त्यास पाण्याची टाकी असल्याचे भासविणारे 'टँक' हे नाव देण्यात आले. १९१६ च्या सप्टेंबरात सोमच्या रणभूमीवर ते वाहन प्रथम उतरले आणि ते टोपणनावच कायमचे चिकटले. पाणी वाहून नेणारा 'टँकर' हाही याच कुळातला. बंगळूरच्या कथेत तो पुढे येणारच आहे.

दक्षिणेतील 'टँक'

दक्षिण भारतात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना एक अपरिचित दृश्य दिसले. येथील पठारावर नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीत. पाऊस वर्षातील थोड्या महिन्यांत पडतो आणि उताराने वाहून जातो. तो अडविण्यासाठी गावकऱ्यांनी उताराच्या खालच्या अंगास मातीचे लांब, किंचित वक्र बांध घातले होते आणि त्यांच्या मागे पाणी पसरलेले होते. यास 'लेक' म्हणावे तर ते निसर्गनिर्मित नाही. 'पाँड' म्हणावे तर विस्तार शेकडो एकरांचा. अखेरीस त्यांनी पश्चिम किनाऱ्यावर कानी पडलेला 'टँक' हाच शब्द येथे लावला. श्रीलंकेतील अशाच जुन्या जलाशयांनाही इंग्रजीत आजतागायत 'टँक' म्हणतात.

असा 'टँक' म्हणजे केवळ पाण्याचा साठा नव्हे. त्याची अंगे ध्यानात घेतली म्हणजे 'लेक' या शब्दाहून त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. पहिले अंग म्हणजे पाणलोट क्षेत्र व त्यातून पाणी आणणारे ओहोळ. बंगळूरमध्ये मोठ्या ओहोळांना 'राजकालुवे' म्हणतात. दुसरे अंग बांध, कन्नडमध्ये 'एरी'; आपण त्यास पाळ म्हणतो. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या परिसरास 'तलावपाळी' म्हणतात, त्यातील 'पाळ' तीच. तिसरे अंग मोरी, म्हणजे कन्नड 'तूबु'. तिच्यातून शेतीस मोजून पाणी सोडतात. चौथे अंग सांडवा, म्हणजे 'कोडी'. तलाव भरल्यावर जादा पाणी तेथून निघून खालच्या तलावास मिळते. पाचवे अंग म्हणजे बांधाखालची भिजणारी शेते. आणि सहावे अंग म्हणजे माणूस. मोरी केव्हा व किती उघडावयाची हे पाहणारा 'नीरुगंटी' हा गावाचा नेमलेला सेवक असे. आपल्याकडील पाटकऱ्याशी त्याचे काम पुष्कळसे जुळते.

या सहा अंगांपैकी एकही 'लेक' या शब्दाच्या अर्थात अनिवार्य नाही. सरोवरास बांध लागत नाही, मोरी लागत नाही, राखणदारही लागत नाही. थोडक्यात सांगावयाचे तर 'लेक' हे एका स्थळाचे नाव आहे, 'टँक' हे एका व्यवस्थेचे.

ही व्यवस्था फार जुनी आहे. आज शहराच्या पोटात गेलेल्या अगर येथे गंग राजवटीतील, नवव्या शतकातील एक शिलालेख आहे. दोन तलावांना मोऱ्या बसविल्याची आणि एक नवा तलाव बांधल्याची त्यात नोंद आहे. बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडाची सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी साल १५३७ आहे. म्हणजे शहराच्या कित्येक शतके आधी तेथे तलाव होते. केंपेगौडा आणि त्याच्या वंशजांनी त्यांत भर घातली. १६३८ नंतर सुमारे अर्धशतक हा मुलूख शहाजीराजे व त्यांचे पुत्र एकोजी यांच्याकडे होता, तेव्हाही पेठ, बागा आणि शेती यांचा भार याच तलावांवर होता.

याचे कारण भूगोलात आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका उंचवट्याच्या माथ्यावर वसले आहे. जवळून मोठी नदी वाहत नाही. पाऊस पडतो तो तीन खोऱ्यांतून खाली उतरतो: कोरमंगल-चल्लघट्ट, हेब्बाळ आणि वृषभावती. पहिल्या दोन खोऱ्यांचे पाणी दक्षिण पिनाकिनीस मिळते, तिसऱ्याचे अर्कावतीमार्गे कावेरीस. या खोऱ्यांत एकाखाली एक अशा तलावांच्या साखळ्या होत्या. वरचा भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्यात जाई. तलाव भरून वाहू लागणे हा अपघात नव्हता. तो रचनेचाच भाग होता, आणि गावास आनंदाचा दिवस होता. त्या दिवशी गंगेची पूजा होई.

कर्नल रिचर्ड सॅन्की हे म्हैसूरचे मुख्य अभियंता होते. म्हैसूर प्रांताचा जवळजवळ साठ टक्के भूभाग या तलावव्यवस्थेखाली आलेला आहे आणि नव्या तलावास जागा शोधून काढणे हेच आता कौशल्याचे काम ठरेल, असा अभिप्राय त्यांनी १८६६ साली नोंदविला होता. पुढे १८८२ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठ्यासाठी एक नवा जलाशय त्यांनी स्वतःच उभारला. त्यास नाव मिळाले 'सॅन्की टँक'. बांधणाऱ्याने आपल्या कृतीस योग्य तोच शब्द लावला होता.

'टँक'चा 'लेक' कसा झाला

शब्द बदलण्याआधी व्यवहार बदलला, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्टच्या जलाशयातून नळाचे पाणी शहरात येऊ लागले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय तयार झाला. १९७४ मध्ये कावेरीचे पाणी आले. ते सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. पिण्याचे पाणी दुरून मिळू लागल्यावर जवळच्या तलावाची गरज संपली असे वाटू लागले. शहर पसरले तशी बांधाखालची शेते घरांच्या खाली गेली. शेते गेली तेव्हा मोरी निरुपयोगी झाली, आणि मोरी निरुपयोगी झाल्यावर नीरुगंटीचेही काम उरले नाही.

सहा अंगांपैकी बहुतेक अंगे अशा रीतीने गळून पडली आणि उरले ते केवळ पाणी. त्या उरलेल्या पाण्यास 'टँक' म्हणण्याचे कारण लोकांना दिसेनासे झाले. 'लेक' हा शब्द अधिक सुंदर, अधिक शहरी होता. नव्या वसाहतींच्या जाहिरातींत तोच शोभून दिसे.

सरकारी दप्तरातही हा बदल झाला. कर्नाटक शासनाने २००२ साली स्थापिलेल्या संस्थेच्या नावात 'लेक' हाच शब्द होता. तिचे नाव 'लेक डेव्हलपमेंट ऑथॉरिटी'. तिने काही जलाशय करमणुकीच्या विकासासाठी खाजगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण स्वीकारले. नागरिकांच्या एका संस्थेने २००८ मध्ये त्यास उच्च न्यायालयात आव्हान दिले. जो जलाशय केवळ रम्य स्थळ मानला जातो त्याला प्रवेशशुल्क लावता येईल, असा विचार सुचणे स्वाभाविक आहे. परंतु जो जलाशय साखळीतील एक दुवा आहे, त्याचा सुटा व्यवहार करताना वरच्या आणि खालच्या दुव्यांचा विचार करावाच लागतो.

शब्दभेदाचे परिणाम

या शब्दभेदाचे तीन परिणाम विशेष विचार करण्यासारखे आहेत.

पहिला परिणाम कोरड्या दिवसांविषयीचा आहे. 'लेक' म्हटले की बारमाही पाणी अपेक्षित असते. पाणी नसलेले सरोवर म्हणजे मेलेले सरोवर. उलट 'टँक' उन्हाळ्यात आटणे हे त्याच्या जीवनक्रमातच बसते. आटलेल्या तळातील गाळ शेतकरी शेतात नेई, गुरे तेथे चरत, आणि गाळ निघाल्याने पुढील पावसाळ्यास जागा होई. ही समज नाहीशी झाल्यावर कोरडा तलाव म्हणजे मोकळी जागा असे समीकरण झाले. धर्मांबुधी तलावाच्या जागी आज केंपेगौडा बसस्थानक आहे. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडागार उभे आहे. प्रसिद्ध करग उत्सवातील विधींसाठी त्याचा एक लहानसा तुकडा तेवढा राखला गेला. शूले तलावाचे फुटबॉलचे मैदान झाले, अक्कीतिम्मनहळ्ळीच्या तलावाचे हॉकीचे, चल्लघट्टच्या तलावाचे गोल्फचे. कोरमंगल तलावाच्या जागी राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी वसाहत बांधण्यात आली. उलटपक्षी, वर्षभर मैलापाण्याने तुडुंब भरलेला जलाशय मात्र जिवंत 'लेक' म्हणून नोंदला जाऊ शकतो. बेळ्ळंदूर हा शहरातील सर्वांत मोठा जलाशय. तो बारमाही भरलेला असे, परंतु सांडपाण्याने. २०१५ मध्ये त्याच्या पाण्यावरील फेसाने पेट घेतला. २०१७ मध्ये तेथे पुन्हा आग लागली आणि २०१८ च्या जानेवारीत ती विझविण्यासाठी लष्करी जवान कामास लागले. पाणी आहे म्हणजे तलाव आहे, ही समजूत किती फसवी आहे याचे याहून मोठे उदाहरण देता येणार नाही.

दुसरा परिणाम सीमेविषयीचा आहे. सरोवरास किनारा असतो. तलावास मात्र पाळीच्या बाजूसच निश्चित कड असते. वरच्या अंगास त्याचे पाणी ऋतुमानाप्रमाणे पुढे-मागे सरकते. म्हणूनच अभियंते त्याची मर्यादा पूर्ण भरलेल्या पातळीवरून मोजतात आणि त्या पातळीस 'फुल टँक लेव्हल' असेच नाव आहे. उन्हाळ्यातील पाण्याची कड हाच किनारा धरून जमीन मोजली, तर पावसाळ्यात पाणी घरात शिरणार हे ठरलेलेच. जलाशयाभोवती किती पट्टा मोकळा ठेवावा हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये जलाशयांभोवती ७५ मीटरचा आणि राजकालुव्यांच्या बाजूंनीही प्रकारानुसार कमीअधिक रुंदीचा पट्टा राखण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला. शहराच्या मंजूर आराखड्यातील तरतुदी न्यायाधिकरणास अशा रीतीने बदलता येणार नाहीत, असा निर्णय झाला.

तिसरा आणि सर्वांत गंभीर परिणाम साखळीविषयीचा आहे. सरोवर एकटे असू शकते; लोणारचे सरोवर उल्काघाताने झालेल्या विवरात एकटेच आहे. परंतु साखळीतील तलाव एकटा नसतो. 'लेक' वाचविण्याच्या मोहिमेत काठ बांधले गेले, कुंपणे घातली गेली आणि दिवे लावले गेले. पण दोन तलावांना जोडणारे राजकालुवे पुष्कळ ठिकाणी अरुंद झाले, वळविले गेले किंवा इमारतींखाली गेले. १९८० नंतरच्या दशकात लक्ष्मण राव समितीने उरलेले तलाव न फोडता पाण्यासाठीच राखावेत अशी शिफारस केली होती. तिचे महत्त्व या संदर्भात ध्यानी येते. २०२२ च्या सप्टेंबरात मोठा पाऊस झाला तेव्हा बेळ्ळंदूर व महादेवपुर भागातील रस्ते आणि वसाहती पाण्याखाली गेल्या. वृत्तपत्रांनी 'लेक' फुटून वाहू लागल्याचे लिहिले. वस्तुतः तलावांनी जे करावयाचे तेच केले होते. सांडव्यातून निघालेल्या पाण्यास जाण्याची वाट उरलेली नव्हती. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२४ च्या उन्हाळ्यात, याच शहरात पाण्याची तीव्र टंचाई झाली. तत्कालीन महानगरपालिकेच्या सुमारे चौदा हजार कूपनलिकांपैकी जवळजवळ निम्म्या कोरड्या पडल्याचे शासनाने सांगितले, आणि टँकरचे दर प्रशासनास ठरवून द्यावे लागले. 'टँक' शहरातून गेला आणि 'टँकर' आला, एवढ्या शब्दांत ही कथा सांगता येते.

कोणता शब्द केव्हा

असे असले तरी सर्व दोष एका शब्दावर टाकणे योग्य होणार नाही. 'लेक' या शब्दाने काही चांगलेही साधले. शेती नाहीशी झाल्यावर तलावाची काळजी घेणारा जुना समाज उरला नव्हता; काठावर राहावयास आलेल्या नव्या नागरिकांनी 'आपला लेक' म्हणून ती काळजी अंगावर घेतली. कैकोंड्रहळ्ळी येथील जलाशयाचे पुनरुज्जीवन रहिवाशांच्या पुढाकाराने झाले. जक्कूर येथे दररोज एक कोटी लिटर क्षमतेच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी पाणवनस्पतींच्या दलदलीतून गाळून जलाशयात सोडण्याची व्यवस्था झाली. पक्षी, मासेमारी, भूजल आणि विसावा ही या जलाशयांची नवी कामे आहेत, आणि ती क्षुल्लक नाहीत. सौंदर्याची ओढ नसती तर उरलेले तलावही कदाचित गेले असते.

पण जुना शब्दही पूर्णपणे मेलेला नाही. २०१८ पासून बंगळूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. तेथे ते साखळीने एका तलावातून दुसऱ्यात जाते आणि जमिनीत मुरून विहिरींना पाणी देते. त्या पाण्याच्या शुद्धतेविषयी वाद झाले आहेत. पण तलावांकडे साखळी म्हणून पाहण्याची रीत तेथे टिकून आहे. शासनाच्या दप्तरातही २०१८ मध्ये असाच एक फेरा पूर्ण झाला. 'लेक' हा शब्द नावात असलेल्या प्राधिकरणाची जागा लघुपाटबंधारे खात्याशी निगडित अशा, 'टँक' हा शब्द नावात असलेल्या प्राधिकरणाने घेतली.

मराठीत ही अडचण निराळ्या रीतीने उभी राहते. आपला 'तलाव' हा शब्द दोन्ही अर्थ सामावून घेतो. मुंबईस पाणी देणारे सात 'तलाव' आपण नित्य उल्लेखितो; ते सर्व धरणे बांधून झालेले आहेत, आणि त्यांपैकी विहार व तुळशी यांना इंग्रजीत 'लेक' म्हणतात. त्याच मुंबईत 'गवालिया टँक' आणि 'सी. पी. टँक' ही नावे उरली आहेत, पाणी मात्र केव्हाच बुजविले गेले. विदर्भात, भंडारा-गोंदियाकडील माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक 'मामा तलाव' म्हणतात, ते मात्र शब्दशः 'टँक' आहेत. कोहळी समाजाने बांधलेले ते तलाव भाताच्या शेतीसाठीच होते. त्यांच्याविषयीच्या इंग्रजी लेखनाचे भाषांतर करताना कोणी 'सरोवर' हा शब्द वापरील, तर अर्थाची हानी होईल.

म्हणून वापराचा एक साधा नियम सांगता येईल. पाणी कोणी अडविले, कोठून येते, भरल्यावर कोठे जाते आणि त्यावर कोण अवलंबून आहे, हे प्रश्न ज्या जलाशयाविषयी विचारावे लागतात, त्यास 'टँक' म्हणावे. हे प्रश्न न विचारताही ज्याचे वर्णन पुरे होते, त्यास 'लेक' म्हणण्यास हरकत नाही. बंगळूरच्या जलाशयांना आज लोक प्रेमाने 'लेक' म्हणतात, आणि ते प्रेम खोटे नाही. तथापि पाऊस त्यांच्याकडे अजूनही 'टँक' म्हणूनच येतो. वरच्या ओहोळातून आत शिरतो आणि सांडव्यावरून पुढची वाट मागतो. ती वाट मोकळी ठेवावयाची असेल, तर निदान नकाशावर, आराखड्यात आणि कायद्यात जुन्या शब्दाचा अर्थ जपून ठेवणे आवश्यक आहे.